मुरबाडचं गणित शहापूरला

जेसीबी आला त्या दिवशी मी पेढे वाटले होते. एप्रिल २०१८चा शेवटचा आठवडा. शाळेमागच्या शेताचा बांध फोडून यंत्र आत शिरलं, लाल मुरमाचा पहिला ढीग पडला आणि मी मुख्याध्यापिकाबाईंना म्हणालो, "सहा खोल्या, बाई. गणपतीपर्यंत नाही झाल्या तर दिवाळीपर्यंत नक्की." त्या जागेवर आजतागायत एक खोली उभी राहिलेली नाही. कुणी विचारलं की "सरकारी काम, चालायचंच" असं म्हणून मी वेळ मारून नेत आलो. समोरचाही मान डोलावतो. सरकारी कामाला नावं ठेवली की पुढचं काही सांगावं लागत नाही. खरी गोष्ट अशी, की पेढे वाटले त्या दिवशी कुठल्याही सरकारी टेबलावर माझी फाईलच नव्हती.

मी मूळचा गणिताचा मास्तर. मुरबाड तालुक्यात २२ वर्षं शिकवलं, मग चार मित्रांबरोबर संस्था काढली आणि तिचा सचिव झालो. आमची पहिली शाळा मुरबाडच्या जवळची. तिच्या जागेचं बिगरशेती २००९ मध्ये झालं. सातबारा, आठ-अ, मोजणीचा नकाशा, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, चलन, आदेश. कल्याणच्या प्रांत कार्यालयात किती फेऱ्या झाल्या ते वहीत लिहून ठेवलंय: ११. त्या ११ फेऱ्यांनी माझा असा समज झाला की मला जमिनीतलं कळतं. पुढे शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला, दुसरी शाळा काढली. ती चालली, पटसंख्या ४०० वर गेली, वर्ग कमी पडायला लागले. तेव्हा मी मुरबाडची तीच वही पुन्हा उघडली.

पहिली चूक ही, आणि बाकीच्या सगळ्या तिच्याच पोटातून निघाल्या. मुरबाड आणि शहापूर शेजारी आहेत, पाऊस तोच, भात तोच, बोलीही जवळपास तीच. पण शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने. मुरबाडची मात्र काहीच गावं त्या यादीत आहेत आणि आमच्या पहिल्या शाळेचं गाव त्यात नव्हतं. त्यामुळे ११ फेऱ्यांमध्ये मला 'पेसा', म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा, हा शब्द एकदाही ऐकावा लागला नव्हता. शहापूरचा प्रांत भिवंडीला बसतो, एवढाच फरक मी जमेस धरला आणि कल्याणऐवजी भिवंडीची वाट धरायची अशी मनाशी नोंद केली.

घाई का केली, तेही सांगतो. २०१७ मध्ये समृद्धी महामार्गासाठी थेट खरेदीने जमिनी घ्यायला सुरुवात झाली आणि तालुक्याची भाषाच बदलली. तोवर एकरात बोलणारी माणसं गुंठ्यात बोलायला लागली. आसनगाव स्टेशनबाहेर चहा प्यायला थांबलं तरी दोन माणसं तरी सातबाऱ्याची घडी खिशात घालून उभी दिसायची. आमच्या शाळेमागची २ एकर जमीन डोंबिवलीला स्थायिक झालेल्या एका बिगरआदिवासी शेतकऱ्याची होती. तो म्हणाला, "सर, तुम्हाला म्हणून महिनाभर थांबतो." त्या महिन्यात मी नीट विचार केला असं म्हणवत नाही.

संस्थेच्या नावावर ती जमीन घेता येत नव्हती. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते, आणि संस्था म्हणजे काही शेतकरी नव्हे. मी मात्र शेतकरी. वडिलांची एकरभर भातखाचरं माझ्या नावावर. तेव्हा मी माझ्या डोक्याने तोड काढली: जमीन माझ्या नावावर, पैसे संस्थेचे, पुढे परवानगी मिळाली की संस्थेकडे वर्ग करू. विश्वस्तांच्या बैठकीत सगळे हो म्हणाले, कारण सगळ्यांचा माझ्यावर विश्वास होता. त्या विश्वासावरच मी हा व्यवहार केला, हे आज लिहितानाही अंगावर येतं. उद्या मी मेलो असतो तर ती जमीन वारस नोंदीने माझ्या मुलांची झाली असती आणि संस्थेच्या हाती खात्यातून गेलेल्या पैशांची एक ओळ उरली असती. कुंपणासाठी पैसे कमी पडले तेव्हा ओळखीच्या एकाकडून संस्थेच्या नावाने उसने घेतले. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६-अ मध्ये लिहिलंय, की विश्वस्ताने संस्थेसाठी कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी हवी. मला ते लेखापरीक्षकाने दाखवलं. ३६-अ नावाचं आणखी एक कलम त्याच वर्षी माझ्या वाट्याला यायचं होतं.

आता झोनचं. आमच्याकडे 'झोन बदलायचा' आणि 'एनए (बिगरशेती) करायचं' हे दोन्ही लोक एका दमात बोलतात. मीही तेच करत होतो. खरं तर दोन्ही वेगवेगळ्या घरची. जमिनीचा झोन नियोजनाच्या नकाशात असतो आणि तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली बदलतो. त्यासाठी शासनाने फेरबदलाची सूचना काढायची, लोकांनी हरकती घ्यायच्या, त्यांची सुनावणी व्हायची. बिगरशेती हा महसूल संहितेतला विषय. दोन्ही कायदे १९६६चेच, पण त्यांची दारं वेगळी. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मालकी, तिचा या दोन्हींशी संबंध नाही. मी या तिन्ही गोष्टींची एक मोळी बांधली आणि एका सल्लागाराच्या डोक्यावर दिली. तो म्हणाला, "सर, आधी जागा सपाट करून घ्या, शाळा दिसली पाहिजे. पाहणीला आलेल्या साहेबाला मोकळं शेत दाखवून काय उपयोग?" त्याला दोष देत नाही. मला हवं होतं तेच तो बोलला.

जेसीबीचा चालक कोवळा पोरगा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बंद करून तो माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, मधनं वाट दिसते. फिरवून घेऊ का?" मी पाहिलं. शेताच्या मधोमध, तिरकी, हातभर रुंद, पायांनी दाबून दाबून सिमेंटसारखी टणक झालेली वाट होती. दोन्ही बाजूंना करवंदीची जाळी. शेताची नांगरटसुद्धा दरवर्षी तिच्यापाशी येऊन थांबत असणार, कारण तिच्या कडा सरळ होत्या. मी हातातला मोजणीचा नकाशा उघडला. त्यात वाट नव्हती. "कागदावर नाही," मी म्हणालो, "घे सरळ."

त्या वाटेच्या एका टोकाला ठाकर आदिवासींचा पाडा होता आणि दुसऱ्या टोकाला विहीर.

मग मे लागला. शहापूरचा मे ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी देणारी धरणं याच तालुक्यात आहेत आणि उन्हाळा लागला की याच तालुक्याचे पाडे टँकरची वाट बघत बसतात. हे वाक्य मी भाषणात कितीदा तरी वापरलंय, टाळ्या पडतात. आणि त्याच मे महिन्यात मी काटेरी तारेचं कुंपण घातलं आणि बायकांना डोक्यावर हंडे घेऊन शाळेच्या पूर्ण आवाराला वळसा घालायला लावला. पहिले काही दिवस संध्याकाळी त्या तारेपाशी येऊन उभ्या राहत. बोलत काही नसत. रखवालदाराने मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "सवय होईल."

पट्ट्याची गोष्ट याहून वाईट आहे. जुनी शाळा आणि नवी जमीन यांच्यामध्ये १२ गुंठ्यांचा एक पट्टा होता, पाड्यावरच्या एका कुटुंबाचा. वरी-नाचणी लावायचे. तो पट्टा मिळाल्याशिवाय आवार सलग होत नव्हतं. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात हस्तांतरणावरची बंदी स्पष्ट लिहिलेली होती. मी ती वाचलीही. पण मी विकत कुठे घेत होतो? मी नोटरीसमोर ३० वर्षांच्या वापराचा करारनामा केला, ६०,००० रुपये दिले आणि घरातल्या थोरल्याचा अंगठा घेतला. महसूल संहितेचं कलम ३६-अ म्हणतं की आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य कोणत्याही रीतीने जाणार असेल तर सरकारी मंजुरी आधी घ्यावी लागते. 'अन्य कोणत्याही रीतीने' हे तीन शब्द माझ्यासारख्यांसाठीच घातलेत. १९७०च्या दशकात आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा करावा लागला, तो अशाच स्टॅम्पपेपरांमुळे. सावकाराने केलं तर शोषण आणि मास्तराने केलं तर शिक्षणप्रसार, असं मी मनाशी धरून चाललो होतो, इतकंच. पट्टा चार भावंडांच्या नावावर होता, बाकी तिघांना मी विचारलंही नव्हतं.

पावसाळा लागला, काम थांबलं. जूनच्या शेवटी तलाठी आणि मंडल अधिकारी आले आणि त्यांनी पंचनामा केला. विनापरवाना मुरूम उचलला म्हणून ब्रासने खड्डा मोजला गेला. महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो, हे मला नोटीस वाचून कळलं. गणिताच्या मास्तराला खड्ड्याचं घनफळ दुसऱ्याने काढून दाखवलं. मी म्हणालो, "शाळेचं काम आहे हो." मंडल अधिकारी म्हणाले, "सर, फाईल दाखवा ना."

मग फाईल सुरू झाली. पंचायतीच्या मासिक सभेकडून ना-हरकत दाखला मी आठवड्यात आणला, कारण तिथे माझे दोन जुने विद्यार्थी सदस्य होते. तो दाखला अर्जाला जोडून मी निर्धास्त झालो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमचा विषय आहे, असं कुणीतरी सांगितलं तेव्हा मला राग आला. मासिक सभा आणि ग्रामसभा यांतला फरक मी नागरिकशास्त्राच्या तासाला कधीकाळी शिकवलाही असेल. पेसा कायदा १९९६चा, महाराष्ट्राचे नियम २०१४चे. त्यांनुसार पाड्याला स्वतःचं गाव म्हणून मान्यता मागता येते आणि स्वतःची ग्रामसभा भरवता येते. यातलं मला काही ठाऊक नव्हतं.

गेलो. समाजमंदिरात पंखा बंद होता, बाहेर पाऊस. पुढच्या सतरंजीवर बाप्ये, मागे बायका, त्यांच्या ओल्या इरल्यांचा ढीग दाराशी. मी इमारतीचं रंगीत चित्र नेलं होतं: तीन मजले, वर झेंडा, खाली गुलमोहर. ते मी भिंतीला टेकवून उभं केलं आणि शिक्षणाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. पाचेक मिनिटं झाली असतील. मागून एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, ह्या चित्रात आमची वाट कुठंय?"

लोक हसले. मीही हसलो, ते चुकलं. मग एकाने विचारलं, तुमच्या शाळेत पोरं किती? मी अभिमानाने सांगितलं, ४१२. त्यात आमच्या पाड्याची किती? मला आकडा माहीत नव्हता. शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी हळूच सांगितलं: ७. शिक्षणहक्काच्या २५ टक्क्यांतली. मी तो आकडा मोठ्याने बोललो आणि त्यानंतर शिक्षणाच्या महत्त्वावर मला काही बोलता आलं नाही.

करारनाम्याची झेरॉक्स तिथे कुणाकडे तरी होती. एका कार्यकर्तीने ती वाचली, सावकाश, 'अन्य कोणत्याही रीतीने' या शब्दांसकट कलम सांगितलं. त्यावर मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी आवाज चढवून विचारलं, शाळेच्या विस्ताराला ग्रामसभेचा ठराव लागतो असं कुठल्या कलमात लिहिलंय ते दाखवा. ती म्हणाली, "काळू धरणाच्या वेळी पण असंच विचारलं होतं, सर."

हे वाक्य बरोबर लागलं. मुरबाडच्या काळू नदीवरच्या धरणाचं काम वनखात्याच्या परवानगीआधीच सुरू झालं होतं. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. बुडणाऱ्या गावांच्या ग्रामसभा विरोधात होत्या. त्या वेळी मी मुरबाडला दहावीच्या वर्गात वर्तमानपत्र घेऊन गेलो होतो. आधी परवानगी, मग काम, हे सरकारलासुद्धा चुकत नाही, असं पोरांना समजावलं होतं. सहा वर्षांनी मीच जेसीबी आणला.

ठराव विरोधात गेला. सप्टेंबरात पाड्यावरच्या लोकांनी तहसीलदारांकडे अर्ज केला, मामलेदार न्यायालय कायदा १९०६, कलम ५. वहिवाटीची वाट अडवली तर सहा महिन्यांच्या आत ही दाद मागता येते आणि ती वाट कागदावर असण्याची गरज नसते, पायाखाली असावी लागते. मुदतीत कसे बसले ते, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. मोजली मीच नव्हती. स्थळपाहणीला आलेले साहेब कुंपणापासून विहिरीपर्यंत चालत गेले. पाऊस पडून गेल्यावर उकरलेल्या मुरमातूनही ती वाट दिसत होती, कारण दाबलेली जमीन पाणी पीत नाही. तिच्यावर पाण्याची एक लांब तिरकी रेघ साचली होती.

निकालाची वाट मी पाहिली नाही, तार काढली, एवढं एक मी वेळेवर केलं. पण लगेच त्याचं श्रेय घ्यायला नको, वकिलाने सांगितलं होतं की निकाल विरोधात जाणार.

बाकी निस्तरायला चार वर्षं लागली. करारनामा लेखी रद्द केला. ६०,००० परत मागायला मी एकदा गेलो होतो, हेही लिहून टाकतो. त्या घरी मला चहा मिळाला, बिनदुधाचा, आणि पैशांचा विषय मीच काढू शकलो नाही. मुरमाचा दंड मी माझ्या खिशातून भरला. संस्थेने जमिनीसाठी दिलेले पैसे माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून आणि बायकोच्या दागिन्यांवर कर्ज काढून फेडले. ती त्यावर फारसं बोलली नाही. एवढंच म्हणाली, "पेढे मात्र सगळ्यांना वाटले होतेत."

पालकांचे पैसे परत करणं सगळ्यात अवघड गेलं. त्याच रंगीत चित्राच्या जोरावर मी प्रत्येक घराकडून 'इमारत निधी' म्हणून ५,००० रुपये घेतले होते. पावतीवर 'ऐच्छिक' असं छापलं होतं. पण प्रवेशाच्या टेबलावर घेतलेला पैसा ऐच्छिक नसतो हे मलाही कळत होतं आणि १९८७च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्यालाही. काही पालक तोवर कल्याण-बदलापूरला निघून गेले होते. करोनाच्या वर्षात मी फोन करकरून त्यांना खाते क्रमांक मागत होतो आणि निम्म्यांना वाटत होतं की ही काहीतरी फसवणूक आहे.

वर्गांची अडचण शेवटी जुन्या इमारतीवर मजला चढवून सुटली. ती जागा पहिल्यापासून बिगरशेती होती, रीतसर नकाशा मंजूर झाला, २०२२ मध्ये चार खोल्या मिळाल्या. हा पर्याय आमच्या अभियंत्याने २०१७ मध्येच सुचवला होता. तेव्हा मी त्याला म्हणालो होतो की तुझी नजर छोटी आहे. मधल्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. शेती विभागातही शैक्षणिक इमारतीला अटींवर परवानगी मिळू शकते, हे मी तिच्यात वाचलं. म्हणजे ज्या झोनबदलासाठी मी जीव काढत होतो त्यावाचूनही शाळेला रस्ता असू शकतो. मित्र म्हणाले, आता कर ना अर्ज. नाही केला. मागची जमीन आता माझी आहे, संस्थेची नाही, आणि पाड्यावरून वेगळं काही सांगितलं गेल्याशिवाय तिथे काही बांधायचं नाही, असं विश्वस्तांनी इतिवृत्तात लिहून घेतलंय. मी तिथे सही केली, सचिव म्हणून ती शेवटची.

या तालुक्यांत शाळा, दवाखाना, आश्रम काढायला निघालेल्यांचे अजूनही मला फोन येतात, कारण मुरबाडचा माझा आदेश गाजला होता. ते विचारतात, एनए कसं केलंत? मी त्यांना विचारतो, गाव अनुसूचित क्षेत्राच्या यादीत आहे का? सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना वाचलात का? आणि मे महिन्यात, दुपारी चारनंतर, त्या शेताच्या बांधावर तासभर बसून कोण कुठून कुठे जातं ते पाहिलंत का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण फोन ठेवतात.

शेतात आता मी भात लावतो. ई-पीक पाहणी यंदा मोबाईलवर मीच भरली: भात, ७० गुंठे. उरलेले १० गुंठे वाटेचे आणि मुरमाच्या खड्ड्याचे. तिथे 'कायम पड' लिहिलं.